पोचल्याचा फोन

चार वाजताची ट्रॅव्हल्स साडेपाचला आली, आणि त्या दीड तासात बाबा माझ्याशी जेमतेम चार शब्द बोलले असतील. पुलगावच्या चौकात रसवंतीच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो, मध्ये माझी निळी बॅग. आई चौकापर्यंत आलीच नव्हती. तिने दारातच माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला आणि भाजी करपते म्हणून आत गेली. भाजी केव्हाच उतरवून ठेवली होती, हे मला दिसत होतं.

बस दिसली तसे बाबा उठले. बॅग त्यांनी स्वतःच डिकीत टाकली, झाकण नीट लागलं का ते दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पोचली की फोन करजो. पोचल्यावर. आधी नाही."

मला पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली होती आणि गावात त्याचं कोण कौतुक चाललं होतं. खिडकीतून मागे पाहिलं तर बाबा हात हलवत नव्हते. बसच्या चाकांकडे बघत उभे होते.

ते असं का म्हणाले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाबा लाईनमन होते. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं, म्हणजे तिथला माणूस लाईन बंद करतो. काम झालं की खाली उतरायचं आणि मग पुन्हा फोन करायचा, "उतरलो." तिथला माणूस विचारायचा, "दोन्ही पाय जमिनीवर?" बाबा म्हणायचे, "दोन्ही." त्यानंतरच तारांमध्ये वीज सोडली जायची. लहानपणी शाळेतून येताना खांबाखाली उभी राहून हे बोलणं मी कितीदा ऐकलंय. बाबांचा डावा तळवा भाजलेला होता, दोन बोटं वळत नसत. ट्रान्सफॉर्मरमधला फॉल्ट होता, एवढंच घरात सांगितलेलं होतं, आणि त्यापलीकडे कोणी विचारत नसे.

तोच नियम घरातही चाले. परीक्षेला वर्ध्याला गेलं, मामाकडे गेलं, की पोचल्याचा फोन. तो येईपर्यंत बाबा जेवायला बसत नसत. आई चिडायची, पण ताट वाढायची नाही.

विदर्भातून येणारी बस पुण्यात शिरते ती वाघोलीतून. आमच्याकडची बरीच मंडळी वाघोलीत राहतात ती फार विचार करून नव्हे. जिथे उतरलो तिथेच राहिलो. मीही. सकाळी आठ वाजता नगर रोडवर उभी राहून फोन केला, "बाबा, पोचले." मागून ट्रक, टँकर आणि कॉलेजच्या पोरांच्या गाड्या ओरडत होत्या. बाबा म्हणाले, "हो, आवाज येऊन रायला." मग आईला म्हणाले, "वाढ."

गावातल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं की आम्ही पुण्यात मजा मारतो. स्टेटसला तर दर रविवारी नवा डोंगर असतो. खरं सांगू का, मला त्या डोंगरांची भयंकर भीती वाटायची. आपला मुलूख सपाट. उभं राहिलं की पुढच्या गावाचं पाण्याचं टाकं दिसतं. आपल्याकडे घर सोडायचं म्हणजे लग्न, मयत, दवाखाना किंवा दीक्षाभूमी. सकाळी उगाच निघायचं, काहीतरी बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असल्या जाण्याला आपल्या बोलीत शब्दच नव्हता. इथे तो होता, 'वन डे'. सोमवारी लिफ्टमध्ये पहिला प्रश्न तोच. "काल कुठे वन डे?"

ऑफिसात माझ्या शेजारी मृण्मयी बसायची. शनिवार पेठेत जन्मलेली, सात पिढ्या तिथल्याच, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण आगाऊ झालो की काय असं वाटावं. तिच्याकडे पुण्याबाहेरच्या एका दिवसाच्या ठिकाणांची यादी होती: सिंहगड, भुलेश्वर, पुरंदर, मुळशी, ताम्हिणी, लोहगड. जाऊन आलं की ती टिक करायची. पहिल्यांदा मला म्हणाली, "रविवारी खोलीत बसून काय करतेस? भिंती मोजतेस?" मी हसले. खरंतर मोजतच होते.

पहिली टिक सिंहगड. घाटातल्या दुसऱ्या वळणावर मी डोळे मिटले ते गाडीतळावर उघडले. वर झुणका-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं, आणि दोन्ही वेळा दरीकडे पाठ करून बसले. मृण्मयी म्हणाली, "वळ की जरा, दरी तुला चावणार नाही." संध्याकाळी मी हौसेने घरी सगळं सांगितलं, कडा किती सरळ आहे, धुकं कसं आत शिरतं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "काल रातच्याला जेवले नाही ते. असं काही सांगत नको जाऊ वं."

म्हणून मी सांगणं बंद केलं. पुढे तर खोटंच बोलायला लागले. ताम्हिणीला गेले तर 'मैत्रिणीकडे जेवायला', लोहगडला गेले तर 'मॉलमध्ये'. त्यात आणखी एक युक्ती सापडली. गडावर रेंज नसते, मग बाबा वाट बघत बसणार. त्यापेक्षा वाटेत रेंजची एखादी काडी दिसली की तेवढ्यात मेसेज टाकून द्यायचा, 'पोचले रूमवर.' बाबा जेवतात, आई निश्चिंत होते, माझा रविवार मोकळा. माझ्यासारख्या निघून आलेल्या तुम्हा बऱ्याच जणांनी हे केलेलं आहे. नाही म्हणू नका.

त्या रविवारी मृण्मयीने कात्रज ते सिंहगड काढलं. जुन्या बोगद्यापासून डोंगरांच्या माथ्यामाथ्याने चालत सिंहगडाच्या रस्त्याला लागायचं. तेरा टेकड्या चढायच्या-उतरायच्या, आणि प्रत्येक टेकडी शेवटची वाटते. ती दोनदा करून आली होती. आम्ही दोघीच. घरी मी सांगितलं, "कात्रजला चाललेय, प्राणी बघायला." तिथे खरंच प्राणिसंग्रहालय आहे, साप आहेत, त्यामुळे खोटं अर्धंच होतं असं मी स्वतःला समजावलं. आई म्हणाली, "वाघाच्या जवळ नको जाजो."

पाऊस संपत आला होता. गवत कमरेपर्यंत वाढलेलं, पायवाट बोटभर. सातव्या टेकडीवर साडेतीन वाजता फोनवर एक काडी दिसली. मी मेसेज टाकला, 'पोचले रूमवर. झोपते जरा.' मृण्मयीने डोकावून वाचलं आणि म्हणाली, "छान. म्हणजे आता आपण मेलो तरी तू झोपलेली आहेस." दोघी हसलो.

नववी टेकडी उतरताना तिचा पाय मुरमावर घसरला. मोठं काही पडणं नव्हतं, बसल्यासारखी बसली, पण घोटा लगेच लिंबाएवढा सुजला. उठवलं तर पाय टेकवेना. आणि तेव्हाच खालून धुकं आलं. गावाकडे सकाळी नदीवर दिसतं तसलं नव्हे. हे भराभर चढत आलं आणि पाच मिनिटांत मला माझेच बूट अंधुक दिसायला लागले. वारा सुटला. डावीकडे दरी होती की उजवीकडे, मला आठवेना.

मृण्मयीचा फोन पडून बंद झालेला. माझ्या फोनला रेंज नाही. तिने तिची पिवळी ओढणी एका झुडपाला बांधली आणि म्हणाली, "मी इथून हलणार नाही. हलूही शकत नाही, ते सोड. तू मागे जा, जिथे रेंज होती तिथे." तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण माझं मनगट तिने सोडलं नव्हतं. मीच तिची बोटं सोडवली. ते मला अजून आठवतं आणि अजून बरं वाटत नाही.

मी मागे चढायला लागले, हातापायांवर, गवताचे बुंधे धरून. वीस पावलांवर ओढणी दिसेनाशी झाली. आणि तेव्हा डोक्यात आलं: आपल्याला कोणी शोधणारच नाही. बाबांच्या लेखी मी वाघोलीत पंखा लावून झोपलेय. मृण्मयीच्या आईला तिच्या उशिराची सवय. रूममेट गावी गेलेली. ज्या एका माणसाने मी येईपर्यंत जगातलं सगळं थांबवून ठेवलं असतं, त्याला मी स्वतःच सांगून टाकलं होतं की उतरले. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. कोणाची लाज धरायची होती?

तेवढं वर आल्यावर रेंज मिळाली असावी, पण फोन वाजला तेव्हा क्षणभर तो माझा आहे हेच कळलं नाही. बाबा होते.

"झोपली होती काय?"

"हो," मी म्हणाले. अजूनही खोटंच. सवय वाईट.

मग ते म्हणाले, "एवढा वारा रूममदी नसते, बाई. असा वारा मी जिंदगीभर ऐकला हाये. तू वर हायेस. कोठी हायेस?"

सगळं सांगितलं. रडत, तुटत, मध्येच आवाज जात होता. ते रागावले नाहीत. त्यांचा आवाज बदलला, कामावरचा झाला. खांबाखाली उभी राहून मी ऐकायची, तो.

"रडू नको. आता आयक. पुढं जाऊन नको पाहू, पहिले कान दे. तारीचा आवाज येते काय?"

मी श्वास धरला. वारा होता, आणि वाऱ्याच्या आत कुठेतरी बारीक चरचर, कढईत ओली मिरची पडावी तशी.

"येतोय."

"धुक्यात पोलावरची चिनीमाती ओली झाली की चरचरते ते. तिकडं जा. बसून सरक. उभी नको राहू. मोठा लोखंडी टावर असन तर तो नको धरजो, तो डोंगरावरून डोंगरावर जाते. सिमिटचा बारका पोल पाहजो. तो वस्तीतच जाते. हात नको लावजो त्याले. एका पोलापासून दुसरा पोल, बस. जिथं दिवा असन तिथं मानूस असन."

"बाबा, रेंज जाईल."

"जाऊ दे. मी इथंच बसून हाये. तुया तोंडून आयकल्याशिवाय उठत नाही."

फोन तुटला. मी बसल्या बसल्या सरकत गेले. जीन्स फाटली, तळहात सोलले. चरचर वाढत गेली आणि धुक्यातून एकदम तो समोर आला, सिमेंटचा, बारका, शेवाळलेला, त्यावर पिवळ्या रंगात कसलासा नंबर. त्याच्या तारा उताराकडे जात होत्या. हात लावला नाही. त्याच्याकडे बघून मी 'बाबा' म्हणाले, मोठ्याने, हे आता लिहिताना हसू येतं. तेव्हा नव्हतं आलं.

किती खांब झाले ते मोजलं नाही. प्रत्येक खांबापाशी पुढचा दिसेपर्यंत जीव मुठीत धरून थांबायचं. एके ठिकाणी पुढचा दिसेना, तेव्हा वरच्या तारांकडे बघत तिथेच बसून राहिले. धुकं जरासं हललं, दिसला, निघाले. शेवटी शेणाचा वास आला, मग कुत्रं भुंकलं, मग पत्र्याचं घर आणि दारावरचा पेटलेला बल्ब. दारात एक बाई म्हशीची धार काढत होती. मला बघून तिने चरवी बाजूला ठेवली.

"अगं बया! एवढ्या धुक्यात मरायला येत्यात व्हय कुणी? येकलीच हायस?"

मी वर बोट दाखवलं. "मैत्रीण. पिवळी ओढणी."

तिचा नवरा आणि दीर बॅटरी आणि काठी घेऊन वर गेले. त्यांना तो डोंगर आपल्या परड्यासारखा माहीत. मी ओट्यावर बसून होते, तिने दिलेला चहाचा कप दोन्ही हातांनी धरून. तासाभराने, उजेड अजून पुरता गेला नव्हता, मृण्मयी त्या दिराच्या पाठीवर बसून आली. आल्या आल्या मला म्हणाली, "किती वेळ लावलास. हा एवढा वन डे पुरे मला." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या धार काढणाऱ्या मावशींच्या फोनवरून बाबांना फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत उचलला.

"बाबा, उतरले."

"दोन्ही पाय जमिनीवर?"

"दोन्ही."

"तिचेही?"

"तिचा एकच टेकतोय. पण आहे जमिनीवर."

मग आईचा आवाज आला. बाबा बोलू शकत नव्हते, म्हणून शेजारी बसलेल्या तिनेच फोन घेतला होता. साडेतीनपासून ते पानठेल्याच्या बाकावर बसून होते, म्हणाली, घरात रेंज धड राहत नाही म्हणून. माझा मेसेज त्यांनी वाचला होता. "हे पोरगी दुपारी कधीच झोपत नाही," एवढंच म्हणून ते तिथे जाऊन बसले होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मृण्मयी अजून शेजारी बसते, घोटा पावसाळ्यात दुखतो म्हणून मला टोमणे मारते. वाघोलीत माझा स्वतःचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर, आणि गॅलरीत मी अजून कठड्यापासून हातभर लांब उभी राहते. बाबा रिटायर झाले. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच दोघं राहायला आले. आई म्हणाली, "तुया तो डोंगर दाखव." मला नको होतं. तरी गाडी काढली. घाटात या खेपेला डोळे मिटता येत नव्हते, कारण मीच चालवत होते.

सिंहगडावर आई भजी खात बसली. बाबा पार कड्यापर्यंत गेले. मी मागून त्यांचा शर्ट धरून उभी. ते तिथून दिसणाऱ्या टेकड्यांच्या रांगेकडे बघत होते, कात्रजकडे. मग डावा हात पुढे करून म्हणाले, "ट्रान्सफार्मरचा फाल्ट नोता तो."

मी त्यांच्या भाजलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"उतरलो म्हणून फोन केला. मंग पायलं त पक्कड वरच रायली. आता कोण पुन्हा परमिट घेते, दोन मिनिटाचं काम, म्हणून चढलो. त्या मानसाची काय चूक? त्याले मी सांगतलं होतं उतरलो म्हणून." त्यांनी मूठ मिटायचा प्रयत्न केला, दोन बोटं सरळच राहिली. "तू तवा तीन महिन्याची होती. तुया आईलेही नाही सांगतलं."

इतकी वर्षं मला वाटायचं, बाबा जगाला भितात. ते मला भीत होते, माझ्या अंगात त्यांचीच घाई असेल म्हणून. ती होतीच. मी त्यांचा शर्ट आणखी घट्ट धरला आणि म्हणाले, "मागे या आता." ते आले.

काल संध्याकाळी दोघं परत गेली. नगर रोडवर मी बॅगा डिकीत टाकल्या, झाकण दोनदा ओढून पाहिलं. बाबांना म्हणाले, "पोचलात की फोन करा." ते हसले. बस गेली तरी मी तिथेच उभी होते, चाकांकडे बघत.

आज सकाळी सातलाच फोन आला. बस नऊच्या आधी कधी पोचत नाही.

"पोचलो, बाई. तू जा आता ऑफिसले. आईनं चहा ठेवला हाये."

त्यांच्या मागे इंजिनाची घरघर होती. कोणीतरी ओरडत होतं, "कारंजावाले पुढं या." पुलगाव त्यानंतर दोन तासांनी. आई झोपेत काहीतरी पुटपुटत होती.

"बाबा," मी म्हणाले, "दोन्ही पाय जमिनीवर?"

घरघर चालूच होती.

"तुले उशीर होईन ना वं," शेवटी म्हणाले.

"होऊ दे. मी इथेच बसले आहे."

घर कुठलं असं मला कोणी विचारलं की पूर्वी मी पुलगाव म्हणायचे, मग वाघोली म्हणायला लागले, आणि दोन्ही वेळा थोडं खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आज ऑफिसला उशीर होणार आहे. बूट घालून, पर्स खांद्याला लावून मी दारातल्या स्टुलावर बसले आहे, फोन मांडीवर ठेवून. कारंजा मागे पडलं असेल. चहा केला होता, तो निवला. बाबांचा फोन आला की पिईन.